तिसरा हात

देवमन तेलगोटे दिवसभर बोलत नसे, यात स्वभावाचा दोष अर्धाच. उरलेला अर्धा चुकांचा. चुका म्हणजे तुमच्या-माझ्या हातून होतात त्या नव्हेत. सोफ्याच्या लाकडावर पट्टा अन् कापड ठोकायला लागतात त्या, बारीक, चपट्या डोक्याच्या. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की देवमन मूठभर चुका तोंडात टाके, अन् मग डबा उघडेपर्यंत जगाशी त्याचा संबंध 'हूं' एवढाच. गिऱ्हाईक विचारी, "भाऊ, मंगळवारी होईन काय?" तर उत्तर "हूं हूं." एक हूं म्हणजे होईल अन् जोडहूं म्हणजे नाव काढू नका, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगावं? मग शाकीब सांगे.

शाकीब हा उस्ताद अब्दुल रहीम यांचा मुलगा. अकोल्यातलं ते दुकान मूळ उस्तादांचं. देवमन मिसरूड फुटायच्या आधी तिथे कामाला लागला अन् त्यांच्याच हाताखाली तयार झाला. उस्ताद वय होऊन गेले, पण त्यांची रीत दोघांनी सोडली नाही. एका हाताने पट्टा ताणून धरायचा, दुसऱ्या हातात चुंबकाची हातोडी, मग चूक कोण देणार? जीभ देणार. जिभेनं चूक फिरवायची, डोकं बाहेर करून ओठांवर आणायची, हातोडीनं ती उचलायची अन् ठोकायची. "मुँह तीसरा हाथ है, बेटा," उस्ताद म्हणत, "उसे गंदा मत कर." म्हणून खर्रा नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. वऱ्हाडात पानठेल्यावर जाऊन नुसतं पाणी पिऊन परत येणारा माणूस दुर्मीळच, अन् तो मायाच्या नशिबी आला होता.

माया म्हणजे देवमनची बायको. सोफ्यांच्या खोळी ती घरी मशीनवर शिवायची. "लग्न झालं तवापासून मी एकटीच बोलून राह्यली," ती शेजारणीला सांगे, "पण भांडण होत नाई, हा फायदा हाय." जीभ तिखट, हात नेटका. कोपऱ्याला दुहेरी शिवण घालायची, खोळीच्या कडेनं फिरणाऱ्या पायपिनीत दोरी घट्ट बसवायची, अन् कितीदा धुतली तरी तिच्या खोळीला झोळ पडत नसे. पोरगी मूर्तिजापूरला दिलेली, घरात दोघंच. संध्याकाळी देवमन घरी आला की तोंड रिकामं असूनही हूंवरच चालवी. सवय हो, दुसरं काय.

एक वाक्य मात्र तो पूर्ण बोले, अन् तेच बाजारभर झालं होतं. "सोफ्यावर माणसानं बसावं, सोफ्यानं बसू नये." आता आपल्याकडे काय काय बसत नाही? घसा बसतो, भिंत बसते, चालता धंदा बसतो. पण सोफा बसला हे ऐकलं की देवमनला शिवी दिल्यासारखं होई. शोरूममधला गुबगुबीत सोफा तो बोटानं दाबून पाही अन् तोंड वाकडं करी. वरून मखमल, आतून भुसा. तो स्वतः पट्टे चटईसारखे आडवे-उभे विणायचा, माणूस टेकतो तिथे दाट, कडेला थोडे सैल. समोरची कड टणक ठेवायची, कारण उठताना सगळा भार तिच्यावर येतो. पट्ट्यांवर काथ्याची गादी, मग कडक फोम, अन् मऊ थर सगळ्यात वर, अगदी पातळ. गादी दोन्ही अंगांनी सारखी, म्हणजे उलटून वापरता यावी अन् एकाच बाजूनं झिजू नये. कापड चढवायच्या आधी त्यावर तुरीचं पोतं ठेवून द्यायचं. दोन-चार दिवसांनी पोतं काढून आडवी दोरी ताणून बघायची. दोरीखाली जरा खळगा दिसला की सगळे पट्टे उचकटून पुन्हा पहिल्यापासून. शाकीब कपाळाला हात लावी, पण करी.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास देवमनच्या जिभेच्या डाव्या कडेला, खालच्या अंगाला, फोड आला. मायानं विचारलं तर म्हणाला, "चूक लागली."

या धंद्यात ते नवं नव्हतं. उस्तादांना लागे, शाकीबला लागे, देवमनला तर कितीदा लागलेली. तुरटीच्या गुळण्या करायच्या, वर मध लावायचा, आठवडा जात नाही तो साफ. मायानं तुरटी केली, मध लावला. दसरा आला तरी फोड तिथेच. कडा पांढुरक्या झाल्या अन् मधे खड्डा पडला.

"अवो, हे काहून बरं होऊन नाई राह्यलं?"

"रोज तिथंच लागते," देवमन म्हणाला.

बरोबरच होतं की. रोज घासल्यावर जखम भरणार कशी? मायालाही पटलं. शाकीब म्हणाला, "अब्बाले बी एकदा महिनाभर होतं, भाभी." मग आणखीच पटलं. ज्या घरात चूक हे उत्तर पाठ असतं, तिथे कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

तरी दिवाळीनंतर विहारात तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा मायानं त्याला दंडाला धरून नेलं. म्हणजे तिनं काही केलं नाही असं कुणी म्हणू नये. टेबलामागे तरुण डॉक्टर, पोरगेलाच, बाहेरगावचा. मागे ही रांग.

"काय त्रास आहे, काका?"

"तोंडात चूक लागली."

"चूक?"

झालं. जन्मभर हूंवर काढलेला माणूस त्या दिवशी पोपटासारखा बोलला. खिशातून चार चुका काढून टेबलावर ठेवल्या. जिभेनं त्या कशा फिरवतात, ओठांवर कशा आणतात, उस्ताद काय म्हणत, सगळं सांगितलं. डॉक्टरला गंमत वाटली. तंबाखू खाता का, त्यानं विचारलं. देवमन ताठ बसून म्हणाला, "कधीच नाई." ते खरं होतं, अन् तिथेच घात झाला. डॉक्टरनं मलम लिहून दिलं अन् काही दिवस चुका तोंडात धरू नका म्हणाला. टॉर्च टेबलावर होता, तो टेबलावरच राहिला. रांग पुढे सरकली.

आता त्या पोरावर चिडायचं तर चिडा. मला तर राग येतोच. पण रोगाचं नाव रोग्यानंच सांगितल्यावर, अन् तेही इतकं रंगवून, डॉक्टरही माणूसच की. माया मलम घेऊन घरी आली ती निश्चिंत होऊन. डॉक्टरनं पाह्यलं, असंच ती सगळ्यांना सांगू लागली.

देवमननं दोन दिवस चुका ताटलीत ठेवून काम केलं. तिसऱ्या दिवशी अमरावतीचं काम आलं अन् चुका परत तोंडात गेल्या.

काम होतं खुशालरावांचं. राजापेठेत त्यांचे शिकवणी वर्ग. घरी आई, माणिकबाई, अंगानं भारी अन् दम्यानं हैराण. आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून बाई दिवसरात्र सोफ्यावर, झोपायची ती बसूनच. सोफा घेतला होता झगमगीत, पण वर्षभरातच त्याचा खड्डा झाला. बाई खड्ड्यात रुतून बसायची, गुडघे छातीशी, अन् उठवायला दोघं लागायचे. कुणी घरी नसलं की तशीच. नको ते प्रसंग ओढवत, त्याची तिला लाज वाटे.

देवमन माप घ्यायला गेला, खोळीसाठी मायालाही सोबत नेलं. मापाची पट्टी बाजूला ठेवून आधी तो समोर खुर्ची टाकून नुसता बघत बसला. मग म्हणाला, "उठून दाखवा. आता बसा. परत उठा."

"मले पाह्याले आला काय रे बाप्पा?" माणिकबाई धापा टाकत म्हणाल्या. "मंग पोहे करू दे ना पयले."

त्यानं पाहिलं ते असं. बाई पायांच्या जोरावर उठतच नव्हती, हातांनी स्वतःला ओढत होती. म्हणजे हातांना धरायला पुढे काहीतरी हवं. सागवानाचे हात, बैठकीच्या पुढे वीतभर आलेले, टोकाशी गोल, मुठीत मावतील असे. बैठक उंच, पण पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत. पाठ जवळजवळ सरळ. रेग्झीन नको, घाम येतो, सुती जाड कापड अन् खोळ काढून धुता येणारी. परतताना एसटीत त्यानं हे सगळं मायाला सांगितलं. एवढं तो लग्नाच्या वेळीसुद्धा बोलला नव्हता. बोलताना जीभ जड पडत होती, हे मायाच्या ध्यानात आलं.

थंडी पडली. देवमन भाकरी वरणात कुस्करून खाऊ लागला, तेही एका बाजूनं. कान ठणकतो म्हणाला. वारं लागलं असन, म्हणाला. तोंडाला वास येऊ लागला तेव्हा मायाला भीती वाटली. नुसती काळजी नव्हे, भीती.

"मोठ्या दवाखान्यात चला."

"सोफा पोचू दे."

"सोफा काय पळून जाऊन राह्यला?"

"ते बाई बसून झोपते, माया. खड्ड्यात बसून."

एकदा तर तिनं चुकांचे डबे उचलून घरी आणले अन् तांदळाच्या कोठीत लपवले. देवमन कोठी धुंडाळत बसला नाही, बाजारात जाऊन नव्या चुका आणल्या. तुरीचं पोतं दोनदा ठेवलं, दोनदा पट्टे उचकटले. शाकीब म्हणाला, भाऊ, होते एवढं चालते. देवमननं मान हलवली. त्याला हूंसुद्धा दुखत होतं.

सोफा टेम्पोतून अमरावतीला निघाला तेव्हा माया खोळी बसवायच्या निमित्तानं सोबत गेली. मनात ठरवून टाकलं होतं, काम झालं की इथल्याच दवाखान्यात न्यायचा, फरफटत का होईना. माणिकबाईंना दोघांनी उचलून नव्या सोफ्यावर ठेवलं. बाई जरा बसल्या. मग हातांच्या गोल टोकांना मुठी घातल्या अन् उभ्या राहिल्या. एकट्या. त्या परत बसल्या, परत उठल्या, परत बसल्या, अन् दम लागून हसायला लागल्या. खुशालरावांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

देवमन सोफ्याच्या मागे वाकून खालच्या कापडाची शेवटची कड ठोकत होता. ती झाली. उरलेल्या चुका त्यानं तळहातावर काढल्या. चुकांबरोबर रक्त आलं, चांगलं तळवाभर पसरलेलं.

"इकडं ये," माणिकबाई म्हणाल्या. "तोंड उघड."

"काई नाई. चूक लागली."

"उघड म्हणते ना."

त्यांनी मुलाचा मोबाइल मागून घेतला, त्याचा उजेड देवमनच्या तोंडात टाकला, अन् दुसऱ्या हातानं त्याची हनुवटी वर केली. बराच वेळ पाहिलं. हसू कधीच मावळलं होतं.

"कधीपासून हाय हे?"

"पोळ्यापासून," माया म्हणाली.

"चूक लागली असती तं आठ दिवसांत भरली असती, बाई. माह्या मालकाचं असंच होतं. दात लागला, दात लागला म्हणत गेले." त्यांनी मोबाइल परत दिला. "खुशाल, गाडी काढ. याले आजच घेऊन जाय."

मायानं त्या जखमेला रोज मध लावला होता. रोज पाहिली होती ती. पण चूक म्हणून पाहिली, तर दिसणार काय, चूकच.

पुढचं सांगायला जीभ उचलत नाही, पण सांगतो. दवाखान्यात तुकडा काढला, तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. डॉक्टरीण बाई मोठ्या, शांत बोलणाऱ्या. जिभेचा बराचसा भाग जाईल, डाव्या जबड्याचं हाडही. मानेतल्या गाठीही काढाव्या लागतील. "आधी का नाही आलात?" त्यांनी विचारलं.

"आलो होतो ना आपून?" बाहेर बाकावर बसल्यावर देवमन मायाला म्हणाला. खरंच विचारत होता तो. आलो होतो ना?

मायाला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. शिबिरातल्या पोराचा, शाकीबचा, मेलेल्या उस्तादांचा, अन् सगळ्यात जास्त त्या दोन अक्षरी शब्दाचा. लोखंडालाही चूक म्हणायचं अन् जिवावर बेततं त्यालाही चूकच. तिनं डॉक्टरीण बाईंना जाऊन विचारलं, हे चुकांमुळंच झालं का? "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "सतत घासून होऊ शकतं. कधी कधी काहीच कारण सापडत नाही." देवमन दारात उभा होता. त्यानं घासून होतं, तेवढंच धरून ठेवलं.

ऑपरेशनला तारीख मिळाली, मधे थोडे दिवस होते. माया त्याच्याजवळून हलेना. आता तोंडात चुका नव्हत्या. दुखत होतं, पण शब्द फुटत होते, अन् दोघांनाही ठाऊक होतं की हे संपणार आहे. माणसानं अशा वेळी किती बोलावं. पण तिशीपासून साठीपर्यंत जो बोलला नाही त्याला चार दिवसांत काय सुचणार? तो छताकडे पाहत पडून राही.

"बोला ना काई," माया म्हणाली. "काईबी बोला."

त्यानं खूप विचार केला.

"शिवण चांगली असते तुही," तो म्हणाला.

एवढंच. नंतर जीभ गेली.

ऑपरेशन झालं. मग किरणांचे शेक. मान काळी पडली, कातडं सोललं. नाकातल्या नळीवाटे पातळ पेज. उन्हाळा असा गेला की मायाला ऊन आठवत नाही. डावा गाल आत गेला, ओठ मिटेनासे झाले, लाळ सतत गळू लागली, गळ्यात एक टॉवेल कायमचा आला. ज्या हूंवर संसार झाला तो हूंही गेला, कारण त्याला ओठ मिटावे लागतात. उरला नुसता एक घोगरा आ. होकारालाही आ, नकारालाही आ. माया चेहरा पाहून ओळखी, निम्म्या वेळा चुके.

पावसाळा सरता सरता तो दुकानात जायचं म्हणून खुणा करू लागला. मायानं नेलं. शाकीबनं हवेवर चालणारी पिन मारायची बंदूक घेतली होती. देवमनला पाहताच त्यानं ती ओशाळून कोपऱ्यात सरकवली.

"घेऊन पाह्य ना, भाऊ. सोपं हाय."

देवमननं मान हलवली. पिन पट्ट्याचा भार झेलत नाही, वर्षात उपसून येते, हे तो आयुष्यभर सांगत आला होता. एका गिऱ्हाइकाकडे कापडाचे नमुने द्यायचे होते, तो गेला.

दुकानात दोघंच राहिले. एक फ्रेम उघडी पडली होती. देवमननं पट्टा घेतला, एक टोक ठोकलं, दुसरं टोक ताणलं. ताणताना पूर्वी पट्टा तारेसारखा वाजे, आता नाही वाजला. हातोडी डब्यात बुडवली तर चुका गुच्छानं चिकटून आल्या, आडव्या-तिडव्या. एक सरळ करायला हात सोडावा तर पट्टा सैल. पट्टा गुडघ्यानं दाबला तर वाकता येईना. लाळ फ्रेमवर पडत होती. त्यानं टॉवेलनं पुसली, पुन्हा ताणलं. पुन्हा सैल. तो थांबेना, अन् होईनाही.

माया स्टुलावर बसून पाहत होती. किती वेळ पाहणार? हा माणूस जिवंत राहिला तो यासाठीच, अन् हेच त्याच्याकडून होत नव्हतं. तिला रडू येत होतं अन् चीड येत होती, दोन्ही एकदमच. ती उठली. डब्यात हात घातला. मूठभर चुका घेतल्या अन् तोंडात टाकल्या.

सारा जन्म तिनं पाहिलं होतं, त्यात शिकायचं काय? जिभेनं एक चूक फिरवली. टोचली, पण फिरली. डोकं पुढे करून ओठांवर आणली अन् ती त्याच्या हातोडीसमोर वाकली, तोंड पुढे करून.

देवमननं हातोडी सवयीनं तिच्या ओठांकडे नेली. मग वर पाहिलं.

पट्टा सुटून सपकन फ्रेमवर आपटला. हातोडी खाली पडली. त्यानं तिची हनुवटी धरली, अशी की दुखावं, अन् दोन बोटं सरळ तिच्या तोंडात घातली. ती मागे सरकायला गेली, त्यानं सोडलं नाही. चुका खरवडून बाहेर काढू लागला, गालातल्या, दातांमागच्या, जिभेखालच्या. तिला उमासा आला. चुका फरशीवर पडत होत्या अन् तो आ, आ करत होता. शेजारचा चहावाला दारात येऊन उभा राहिला अन् तसाच परत गेला.

शेवटची चूक निघाली तरी त्यानं हनुवटी सोडली नाही. तिला ओढत शटरपाशी आणलं, उन्हात. तोंड वर केलं. बोटानं तिची जीभ उचलली अन् डावी कड पाहिली, मग उजवी. गाल ताणून आतून पाहिला. लाळ तिच्या पदरावर पडत होती.

मायानं तोंड उघडंच ठेवलं. त्यानं जिभेखाली पाहिलं. मग परत पहिल्यापासून पाहू लागला.